पंक कशाला म्हणायचं? लेबलं, खरेपणा आणि ‘विकले गेले’ हा आरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंक ऐकणारी दोन माणसं भेटली की थोड्याच वेळात वाद सुरू होतो. हा बँड पंक की पॉप? तो खरा की बाजारू? हे वाद मला फालतू वाटत नाहीत; त्यांच्या मुळाशी पैसा, मालकी आणि कोणाला आत घ्यायचं हे खरे प्रश्न आहेत. पण निम्मी भांडणं नुसत्या अर्धवट माहितीवर चालतात. म्हणून पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर जरूर भांडा.

पंक रॉक हे नाव आधी आलं की संगीत?

संगीत आधी. १९७१ मध्ये ‘क्रीम’ या अमेरिकी मासिकात डेव्ह मार्शने क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स या मिशिगनच्या बँडबद्दल लिहिताना ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले. बँडमधली पोरं मेक्सिकन वंशाची आणि त्यांचं गाजलेलं गाणं १९६६ सालचं. पुढच्याच वर्षी लेनी के याने साठच्या दशकातल्या अमेरिकी गॅरेज बँडची गाणी दोन रेकॉर्डींच्या संग्रहात एकत्र केली आणि सोबतच्या टिपणात तोच शब्द योजला. म्हणजे ज्यांना सगळ्यांत आधी पंक म्हटलं गेलं, त्यांनी वाजवलं तेव्हा त्यांच्या कानावर हे नावही गेलं नव्हतं.

जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पंक’ नावाचंच मासिक निघालं. पहिल्या मुखपृष्ठावर लू रीड होता. त्या सुमारास बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या बारमध्ये जे बँड वाजवत होते त्या सगळ्यांना हे नाव चिकटलं. हिली क्रिस्टलने डिसेंबर १९७३ मध्ये तो बार उघडला तेव्हा नावातली आद्याक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या तीन प्रकारांची होती. ते संगीत तिथे फारसं वाजलंच नाही. वाजलं ते असं: टेलिव्हिजनची गाणी दहा मिनिटांपर्यंत लांबायची, रमोन्सची दोन मिनिटांत संपायची, पॅटी स्मिथ कविता म्हणता म्हणता गाण्यात शिरायची, टॉकिंग हेड्स ताठ उभं राहून तुटक ठेक्यावर वाजवायचे, ब्लॉन्डीला जुन्या मुलींच्या पॉप गटांचं वेड. हे पाच बँड डोळे मिटून ऐकले तर कोणीही त्यांना एका प्रकारात घालणार नाही. पंक हा सुरुवातीला आवाज नव्हता, एक पत्ता होता. पुढच्या बहुतेक वादांची चावी मला इथे सापडते.

मग पहिला पंक बँड कोणता? रमोन्स की सेक्स पिस्टल्स?

या दोघांतच निवडायचं तर रमोन्स. ते १९७४ पासून क्वीन्स भागातून येऊन वाजवत होते. एप्रिल १९७६ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये झाला; १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. पिस्टल्सची पहिली एकल रेकॉर्ड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली, आणि ब्रिटनमध्येसुद्धा ती पहिली नव्हती. द डॅम्डची ऑक्टोबरमध्ये येऊन गेली होती. त्याच्याही आधी, सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या द सेंट्सनी स्वतःच्या पैशाने ५०० प्रती छापल्या होत्या. लंडन-न्यूयॉर्कला त्यांचा पत्ता नव्हता आणि त्यांना लंडन-न्यूयॉर्कचा. पुढे ते लंडनला आले तेव्हा त्यांचे केस लांब होते, कपडे साधे होते आणि काटेरी केसांचा पेहराव करायची त्यांची तयारी नव्हती. तिथल्या लोकांना ते ‘पुरेसे पंक’ वाटेनात! हा प्रकार १९७७ मधला. लेबल लागून फार काळ झाला नव्हता आणि गणवेश ठरून गेला होता.

आणखी मागे जायचं तर पेरूची राजधानी लिमा इथले लोस साइकोस १९६५ मध्येच आरडाओरडा करत रेल्वे स्टेशन उडवून देण्याबद्दल गात होते.

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती डेथ या बँडची गोष्ट. डेट्रॉइटमधले हॅकनी आडनावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. वेग, ताण, राजकारण, सगळं त्यात आहे. रेकॉर्ड धंद्यातल्या क्लाइव्ह डेव्हिस या बड्या माणसाला गाणी आवडली, नाव आवडलं नाही. नाव बदला म्हणाला. थोरल्या डेव्हिडने नकार दिला. भावांनी १९७६ मध्ये एका रेकॉर्डच्या ५०० प्रती स्वतः काढल्या, त्या कुठे पोचल्या नाहीत आणि गाणी माळ्यावर पडून राहिली. ती अल्बम म्हणून बाहेर आली २००९ मध्ये. डेव्हिड २००० सालीच वारला होता. कृष्णवर्णीय मुलांनी सोल किंवा फंक वाजवावं ही त्या काळची अपेक्षा होती. कोणत्याच खणात न बसणाऱ्या बँडची काय गत होते ते इथे दिसतं. ‘पहिला कोण’ या स्पर्धेत मला रस नाही, पण या यादीत फक्त दोन शहरं आणि फक्त गोरी मुलं असतील तर यादी चुकीची आहे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

सेक्स पिस्टल्स तर एका कपड्याच्या दुकानदाराने जमवलेला बँड. त्यांना खरं कसं म्हणायचं?

माल्कम मॅक्लॅरनचं दुकान होतं, व्हिव्हियन वेस्टवुड त्याची भागीदार, लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० क्रमांक. गायक जॉन लायडन तिथेच सापडला, ऑगस्ट १९७५ मध्ये, ज्यूकबॉक्सवर लागलेल्या अ‍ॅलिस कूपरच्या गाण्याबरोबर तोंड वेडंवाकडं करत. दुकानाचं नाव व्हावं हा मॅक्लॅरनचा हेतू होता, यात शंका नाही.

पण स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक दुकानदाराच्या आधीपासून वाजवत होते, गाणी बँडने लिहिली, आणि त्या गाण्यांतला राग एका आयरिश कामगाराच्या मुलाचा होता, भाड्याचा नव्हता. बनवलेला असणं आणि खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर १९७६ मध्ये बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात शिव्या दिल्यावर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना काढलं, ए अँड एम या दुसऱ्या कंपनीने मार्च १९७७ मध्ये घेऊन आठवड्याभरात सोडलं. हे नाटक कोणी आखून दिलेलं असेल तरी त्याची किंमत त्या चार पोरांनी रस्त्यात मार खाऊन मोजली.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. जुलै १९७७ मध्ये लायडनला लंडनच्या कॅपिटल रेडिओने आवडीच्या रेकॉर्डी घेऊन बोलावलं. देशभर ‘जुनं संगीत जाळा’ म्हणणाऱ्यांचा तो देव झाला होता. त्याने काय लावलं? कॅप्टन बीफहार्ट, नील यंग, टिम बकली, जर्मनीचा कॅन, पीटर हॅमिल आणि भरपूर जमैकन रेगे. मॅक्लॅरन वैतागला, कारण अडाणी रस्त्यावरचं पोर ही त्याने विकलेली प्रतिमा त्या दीड-दोन तासांत कोसळली. माझ्या मते लायडन त्या संध्याकाळी सर्वांत खरा होता. आपल्याला काय आवडतं ते न लपवणं, चाहत्यांना काय रुचेल याचा हिशोब न ठेवणं. वर्षभरात पिस्टल्स फुटले आणि त्याने पब्लिक इमेज लिमिटेड काढला. तो बँड ऐका, रेडिओवरच्या त्या यादीतलं सगळं तिथे उतरलेलं सापडेल.

द क्लॅशने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला त्या दिवशी पंक मेलं, असं म्हणतात. पटतं का?

हे म्हणणारा मार्क पेरी. बँकेतली नोकरी सोडून ‘स्निफिन ग्लू’ हे फॅन्झीन, म्हणजे चाहत्याने स्वतः छापलेलं छोटं मासिक, काढणारा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. करार जानेवारी १९७७ चा, एक लाख पौंडांचा.

कंपनीने पुढे काय केलं ते बघा. बँडला न विचारता अल्बममधलं एक गाणं एकल म्हणून बाजारात आणलं. क्लॅशने उत्तरादाखल पुढची एकल रेकॉर्ड नेमकी त्याच विषयावर केली, आणि ती त्याच कंपनीला काढावी लागली. १९७९ मधला दुहेरी अल्बम त्यांनी एका अल्बमच्या किमतीत विकायला लावला. १९८० मध्ये तीन रेकॉर्डींचा अल्बम स्वस्तात मिळावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या मानधनावर पाणी सोडलं. पेरीची भीती खरी ठरली, कारण कंपनी कंपनीसारखीच वागली. पण बँड शरण गेला नाही. मी दोघांनाही बरोबर मानते.

क्लॅशचा गायक जो स्ट्रमर याच्या जन्मावरूनही लोक बोलतात. वडील परराष्ट्र खात्यात, जन्म अंकाराचा, शिक्षण वसतिगृहाच्या शाळेत, आणि गाणी रस्त्यावरच्या लढाईची. त्याने आपली पार्श्वभूमी झाकायचा प्रयत्न केला, ते मला आवडत नाही. पण एप्रिल १९७८ मध्ये व्हिक्टोरिया पार्कात वंशवादविरोधी मेळाव्यात स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स यांच्याबरोबर हजारोंसमोर तो उभा राहिला, तेव्हा वडिलांच्या नोकरीने काय फरक पडत होता?

‘स्वतः करा’ म्हणजे नेमकं काय? आवाज कच्चा ठेवणं?

नाही. कच्चा आवाज हा परिणाम होता. मुद्दा परवानगीचा होता.

मँचेस्टरच्या बझकॉक्सनी मित्रांकडून आणि एकाच्या वडिलांकडून ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजी एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारीच्या अखेरीस स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या नावाखाली १,००० प्रती काढल्या. मुखपृष्ठावर पोलरॉइडने काढलेला चौघांचा काळापांढरा फोटो. मागची बाजू मात्र नीट वाचण्यासारखी आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या खेपेला वाजवलेलं घेतलं आहे आणि वरून काही भर घातली आहे का, हे छापलं आहे. एक गाणं पहिल्या खेपेचं, एक तिसऱ्या. आतापर्यंत स्टुडिओ म्हणजे बंद दाराआडची जादू होती. या पोरांनी दार उघडून दाखवलं: बघा, एवढंच असतं, तुम्हालाही जमेल. त्या रेकॉर्डच्या पुढे १६,००० प्रती खपल्या आणि तिच्यामागोमाग ब्रिटनभर छोट्या कंपन्या निघाल्या.

त्याच महिन्यात ‘साइडबर्न्स’ या फॅन्झीनमध्ये ते प्रसिद्ध चित्र आलं: गिटारचे तीन कॉर्ड काढून दाखवलेले आणि खाली आता बँड काढा असा आदेश. (बरेच जण हे श्रेय ‘स्निफिन ग्लू’ला देतात, ते चूक आहे.) साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइल करून वाटलेली लघुअनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना फॅन्झीन काय असतं ते समजावून सांगायची गरज नाही. संपादक नाही म्हणतो, मग आपणच छापू.

पोस्ट-पंक, न्यू वेव्ह, हार्डकोर, ओइ, इमो. इतकी लेबलं कशाला?

प्रत्येक लेबल ऐकलं की मी आधी विचारते: हे नाव दिलं कोणी? उत्तरं फार वेगवेगळी निघतात.

न्यू वेव्ह हा शब्द आधीपासून तोंडी होता, पण त्याला रेटा दिला तो विक्रेत्यांनी. सायर कंपनीच्या सीमोर स्टीनकडे रमोन्स आणि टॉकिंग हेड्स होते, अमेरिकी रेडिओ ‘पंक’ शब्दाला घाबरत होता, म्हणून १९७७ च्या शेवटी कंपनीने हे संगीत पंक म्हणून नव्हे तर न्यू वेव्ह म्हणून घ्या अशी मोहीमच काढली. त्यामुळे ‘हा बँड पंक नाही, न्यू वेव्ह आहे’ असं कोणी छातीठोकपणे सांगतं तेव्हा ते नकळत एका जाहिरातीचं वाक्य म्हणत असतं.

हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंक, हे वाजवणाऱ्यांनीच अभिमानाने लावलेलं नाव. कॅनडाच्या डी.ओ.ए.ने १९८१ मध्ये ते थेट अल्बमवर छापलं. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग, वॉशिंग्टनमध्ये मायनर थ्रेट आणि बॅड ब्रेन्स. या बॅड ब्रेन्सकडे लक्ष द्या. चौघे कृष्णवर्णीय, सुरुवात जॅझ-फ्यूजनने, श्रद्धा रास्ताफारी या जमैकन पंथावर, आणि मधूनच संथ रेगे वाजवणारे. हार्डकोर म्हणजे गोऱ्या मुलांचं रागावलेलं संगीत असं जे समजतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या आवाजाला सर्वांत घट्ट आकार देणाऱ्यांत हे चौघे होते.

इमो हे नाव थट्टेतून आलं. १९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस हार्डकोरमधली मारामारी टाकून देऊन मनातलं गायला लागले, तर लोकांनी ‘इमोशनल हार्डकोर’ म्हणून टोपणनाव दिलं. एम्ब्रेसचा इयन मॅकाय मंचावरूनच या शब्दावर बरसला होता. वीस वर्षांनी माय केमिकल रोमान्सच्या जेरार्ड वेनेही इमो म्हणवून घ्यायला साफ नकार दिला. ज्यांना चिकटलं त्यांपैकी जवळजवळ कोणालाच हे नाव नको होतं, तरी ते टिकलं, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या ऐकणाऱ्यांना त्यात आपलं घर दिसलं. ऐकणाऱ्यांचाही लेबलावर हक्क असतो असं मी मानते.

पोस्ट-पंक हे सर्वांत निरुपद्रवी. कालखंड सांगतं, बाकी काही नाही.

ओइ म्हणजे वंशवादी संगीत का?

नाही, पण हा प्रश्न आपल्या उपखंडातल्या माणसाने विचारावा याला कारण आहे.

ओइ हे नाव पत्रकाराने दिलेलं: ‘साउंड्स’ साप्ताहिकाचा गॅरी बुशेल, १९८० च्या आसपास. कामगार वस्तीतल्या, साध्या, सामूहिक गर्जनेच्या पंकसाठी. त्यात अँजेलिक अपस्टार्ट्ससारखे उघड फॅसिस्टविरोधी बँड होते. पण कार्यक्रमांना अति-उजव्या गटांची टोळकीही यायची, आणि १९८१ मधल्या एका ओइ संग्रहाचं नाव नाझी घोषणेशी खेळणारं होतं. मुखपृष्ठावर चक्क एक नवनाझी झळकला.

३ जुलै १९८१ रोजी लंडनमधल्या साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या पबमध्ये तीन ओइ बँडचा कार्यक्रम ठेवला गेला. साउथॉल म्हणजे पंजाबी वस्ती. तिथे १९७६ मध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला होता, १९७९ मध्ये नॅशनल फ्रंट या अति-उजव्या पक्षाविरोधातल्या निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला होता. बाहेरून बसगाड्या भरून आलेली स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेली, पोरं रस्त्यात त्रास देऊ लागल्यावर स्थानिक तरुण जमले आणि रात्री पब जळून खाक झाला. बँडचे लोक म्हणाले, आम्ही वंशवादी नाही. असतीलही प्रामाणिक. पण आपण कुठे वाजवतो आहोत आणि आपल्या मागे कोण येतं आहे, याची जबाबदारी लेबलामागे लपून झटकता येत नाही. साउथॉलच्या मुलांनी अल्बमच्या आतल्या पानावरची भूमिका वाचून मग दार उघडावं अशी अपेक्षा कोणी कशी ठेवावी?

ग्रीन डे पंक आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. सविस्तर सांगते, कारण हो-नाहीत यातली खरी गोष्ट हरवते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा आहे. १९८६ च्या शेवटच्या रात्री ती सुरू झाली. ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ या मासिकाचा टिम योहानन तिच्या उभारणीत पुढे होता. वयाची अट नाही, दारू नाही. दोन डॉलरचं सभासदकार्ड घेतलं की निर्णयाच्या बैठकीलाही बसता यायचं. वंशवाद, स्त्रीद्वेष, समलिंगी लोकांचा द्वेष आणि मारामारी चालणार नाही, हे भिंतीवर रंगवलेलं. झाडू मारणं, दारावर बसणं, आवाजाचं मशीन सांभाळणं, सगळं पोरंच करायची. आणखी एक नियम: मोठ्या कंपनीशी करार केलेले बँड इथे वाजवणार नाहीत.

ग्रीन डे या जागेत वाढले. लुकआउट या स्थानिक छोट्या कंपनीकडून दोन अल्बम काढले. मग रिप्राइझ या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये आलेल्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर प्रती गेल्या. गिलमनचं दार बंद झालं. बिली जो आर्मस्ट्राँगला ते किती लागलं हे पुढच्याच अल्बममधल्या एका गाण्यात ऐकू येतं.

त्या वर्षीची हवा किती विषारी होती बघा. मे १९९४ मध्ये डेड केनेडीजचा जेलो बियाफ्रा, ज्याने आयुष्यभर स्वतःची स्वतंत्र कंपनी चालवली, त्याला गिलमनमध्येच ‘विकला गेलेला रॉकस्टार’ म्हणत काही जणांनी मारलं. पायाला गंभीर दुखापत झाली. त्याच काळात ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ने आम्ही ज्याला पंक मानतो तेवढ्याचंच परीक्षण आणि जाहिरात छापू असं धोरण घेतलं. त्याला उत्तर म्हणून शिकागोत ‘पंक प्लॅनेट’ आणि कॅलिफोर्नियात ‘हार्टअटॅक’ ही मासिकं निघाली. गंमत म्हणजे ‘हार्टअटॅक’चा नियम आणखी कडक होता: ज्या रेकॉर्डवर बारकोड छापलेला आहे तिचं परीक्षणच नाही.

माझं मत असं. गिलमनचा नियम योग्य होता. ती जागा छोट्या बँडसाठी होती. कंपनीच्या पैशावर उभा असलेला बँड आला की गर्दी, तिकीट, सुरक्षा, सगळ्याचं गणित बदलतं. नियम माहीत असून ग्रीन डेनी करार केला, तो त्यांचा हक्क. त्यांना मंच नाकारणं हा गिलमनचा हक्क. पण तिथून ‘ते कधी पंक नव्हतेच’ इथपर्यंतची उडी खोटी आहे. तीच पोरं, तोच आवाज, तीच गाणी लिहायची पद्धत. आधीच्या महिन्यात पंक आणि पुढच्या महिन्यात नाही, असं आवाजाच्या बाबतीत होत नसतं. बदलला तो व्यवहार. मग व्यवहाराबद्दल बोला. मे २०१५ मध्ये ग्रीन डे पुन्हा गिलमनमध्ये वाजले, ए.के. प्रेस ही प्रकाशनसंस्था आणि एका छापखान्याच्या आगीतल्या नुकसानीच्या मदतीसाठी. सभासदांच्या संमतीनेच.

मोठ्या कंपनीकडे जाणं एवढं वाईट का मानतात? कलाकाराने पोट भरू नये का?

भरावं. म्हणूनच तर हा वाद आहे.

ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्ये एक लेख लिहून ओळीओळीने हिशोब मांडला. बँडला अडीच लाख डॉलरची उचल मिळते, अडीच लाख प्रती खपतात. त्यातून स्टुडिओ, निर्माता, वकील, व्यवस्थापक, व्हिडिओ, दौऱ्याची बस, नवी वाद्यं वजा होत जातात, आणि शेवटी बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती पडतात सुमारे चार हजार डॉलर. किराणा दुकानात काम करून मिळाले असते त्याच्या तिसरा हिस्सा. कंपनी मात्र सात लाखांच्या वर नफा कमावते आणि बँड तिचा देणेकरीच राहतो. अल्बिनी स्वतः ध्वनिमुद्रणाची ठरलेली मजुरी घ्यायचा, विक्रीतला वाटा घेत नसे. निर्वाणा या बँडच्या अल्बमच्या वेळीही त्याने तो नाकारला. त्यामुळे त्याच्या बोलण्याला धार होती.

आणि दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. वॉशिंग्टनची डिस्कॉर्ड कंपनी १९८० मध्ये शाळकरी पोरांनी आपल्याच फुटलेल्या बँडची रेकॉर्ड काढायला सुरू केली. ती लेखी करार न करता नफा वाटून घेत चालत आली. तिथल्याच फुगाझी या बँडने वर्षानुवर्षं तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या आसपास ठेवलं, सर्व वयांना प्रवेश ठेवला, टी-शर्ट विकले नाहीत. इंग्लंडच्या क्रॅस या बँडने तर रेकॉर्डच्या मुखपृष्ठावरच ‘यापेक्षा जास्त देऊ नका’ म्हणून किंमत छापली, म्हणजे दुकानदाराला चढवता येऊ नये. खरेपणा मोजायचाच असेल तर मी तो इथे मोजते: किंमत कोण ठरवतं, गाण्याची मालकी कोणाकडे राहते, आणि पंधरा वर्षांच्या पोराला कार्यक्रमात शिरता येतं का.

रमोन्सचा टी-शर्ट घातलाय, तर त्यांची तीन गाणी सांग, असं विचारणं योग्य का?

अजिबात नाही. हा प्रश्न नव्वद टक्के वेळा मुलींना विचारला जातो, हे कार्यक्रमांना जाणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

ज्या संगीताच्या पहिल्या फळीत पॅटी स्मिथ, द स्लिट्स, सूझी सू आणि एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन होत्या, तिथे दहा वर्षांत मुलींना कोट आणि बॅगा सांभाळायला मागे उभं केलं गेलं. पॉली स्टायरीनचे वडील सोमाली, दातांना तारा, रंगीबेरंगी कपडे, आणि १९७७ मधलं तिचं पहिलंच गाणं बाईला गप्प बसवण्याच्या सवयीवर तुटून पडणारं. हार्डकोरच्या धक्काबुक्कीत हे विसरलं गेलं. १९९१ मध्ये ऑलिम्पिया आणि वॉशिंग्टनमध्ये बिकिनी किल, ब्रॅटमोबाइल आणि त्यांच्या मैत्रिणींनी रायट गर्ल ही पंकमधल्या मुलींची स्त्रीवादी चळवळ उभी केली, तेव्हा कॅथलीन हॅना मंचावरून सांगायची की मुलींनी पुढे यावं आणि मुलांनी मागे सरावं. वर्षभरात मोठी वर्तमानपत्रं त्यांच्या कपड्यांवर लिहायला लागली, तर अनेकींनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. लेबल आपलं असलं तरी दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं, याचं हे उदाहरण.

त्यांच्यातही उणं होतं. १९९७ मध्ये मिमी थी नुयेनने वेगवेगळ्या वंशांच्या पंक मुलामुलींचं लेखन एका झीनमध्ये एकत्र केलं. ‘सगळ्या मुली’ म्हणताना गोऱ्या मुलीच धरल्या जातात हे त्यात स्पष्ट मांडलं होतं.

स्ट्रेट एज, म्हणजे दारू-सिगारेट-ड्रग्जपासून लांब राहणारा, नसलेला माणूस पंक असू शकतो का?

हो. ज्यावरून हे नाव पडलं ते मायनर थ्रेटचं छोटं गाणं एका मुलाने स्वतःबद्दल लिहिलं होतं, नियमावली म्हणून नाही. हातावरची काळी फुलीसुद्धा बारमध्ये अल्पवयीनांना दारू मिळू नये म्हणून केलेली खूण होती.

मोहॉक, सेफ्टी पिन, चामड्याचं जाकीट लागतंच का?

नाही. फाटके शर्ट आणि पिना रिचर्ड हेल या गायकाने न्यूयॉर्कमध्ये सुरू केल्या, मॅक्लॅरनने त्या लंडनला नेऊन विकल्या, आणि २०१३ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचं प्रदर्शन भरवलं. आवडत असेल तर घाला.

इंडोनेशियात किंवा मुंबईत पंक वाजवणं ही पाश्चात्त्यांची नक्कल नाही का?

डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियाच्या आचेह प्रांतात पोलिसांनी एका कार्यक्रमातून साठाहून अधिक पंक तरुणांना उचललं, त्यांचे केस भादरले, तळ्यात बुचकळलं आणि दहा दिवस ‘सुधारणा’ शिबिरात ठेवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुकातानी या इंडोनेशियाच्याच पंक जोडीला पोलिसांच्या लाचखोरीवरचं गाणं मागे घेऊन, तोंडावरचे मुखवटे काढून, व्हिडिओवर माफी मागावी लागली. त्यानंतर ते गाणं निदर्शनांत रस्तोरस्ती वाजलं. यांच्याकडून खरेपणाचा दाखला कोणी मागावा?

लंडनमध्ये १९७९ मध्ये पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी एलियन कल्चर हा बँड काढला. परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल अशी भीती मार्गारेट थॅचरने १९७८ मध्ये टीव्हीवर बोलून दाखवली होती. पोरांनी तो टोला उचलून नावच करून टाकलं. घरातली शिस्त आणि रस्त्यावरचा हल्ला यांत सापडलेल्या मुलांची गाणी त्यांनी केली. तेव्हा त्यांना ऐकणारे थोडेच होते.

मुंबईत द रायट पेडलर्स आणि द लाइटइयर्स एक्स्प्लोड यांनी या शतकात पंक वाजवलं, मुख्यतः इंग्रजीत. भाषेवरून त्यांना उपरं ठरवणं मला मान्य नाही. या शहरातली लाखो पोरं इंग्रजीतच चिडतात. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे कार्यक्रम बहुतेक दारू विकणाऱ्या जागांत होतात, तिकीट आणि वयाची अट दोन्ही आड येतात, आणि दहावी-बारावीची पोरं बाहेर राहतात. एखाद्या सभागृहात रविवारी दुपारी, पन्नास रुपये तिकीट ठेवून चार बँड वाजवता आले तर मराठीत पंक आपोआप लिहिलं जाईल, याबद्दल मला शंका नाही.

आमचा नवा बँड आहे. पोस्टरवर पंक लिहू का?

लिहा. फक्त शेजारी आणखी तीन गोष्टी लिहा: तिकीट किती, वयाची अट आहे का, आणि आणखी कोण वाजवणार आहे. लोक आवाजाचं काय ते येऊन ठरवतील.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

रमोन्सचा पहिला अल्बम आणि त्याच्या लगेच पाठोपाठ द सेंट्सचा पहिला, म्हणजे दोन खंडांत एकाच वेळी काय चाललं होतं ते कानाने कळेल. मग एक्स-रे स्पेक्स, द स्लिट्सचा १९७९ चा अल्बम, बॅड ब्रेन्सचा १९८२ चा आणि डेथची ती सात गाणी. शिकागोचे लोस क्रूडोस स्पॅनिशमध्ये गातात, तरी एक शब्द न कळता अंगावर येतात. फुगाझीला शेवटी ठेवा, कारण तिथे वेळ लागतो: त्यांच्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं डिस्कॉर्डने २०११ पासून संकेतस्थळावर ठेवायला घेतली, आणि प्रत्येकाची सुचवलेली किंमत पाच डॉलर आहे, परवडत नसेल तर त्याहून कमी दिलेली चालते.